पाववाले आणि तुटलेली बटणं

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवा धंदा शिकायला जाऊ नये, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने घरी बसू नये, असंही तिचंच मत होतं. या दोन मतांच्या फटीतून वाट काढत ते कारखान्यात शिरले.

त्याआधी सव्वीस वर्षं ते एका बेकरीत भट्टीवर होते. मालक गेले, मुलांनी जागा विकली, आणि एका सोमवारी सकाळी सवयीने पाच वाजता तिथे पोचलेल्या या माणसाला दाराला नवं कुलूप दिसलं. दोन महिने ते घरातल्या घरात फिरत राहिले. शेवटी बायकोने आपल्या धाकट्या भावाला गाठलं. तो कडक धातूचे तुकडे बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होता.

"भट्टीवर माणूस हवाय आम्हाला," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, भट्टी ती भट्टीच. पाव काय नि कार्बाइड काय."

ही गोष्ट साफ खोटी होती, पण ते कळायला पहिला दिवस जावा लागला.

कारखान्यात टंगस्टन कार्बाइड नावाची राखाडी पूड यायची. दिसायला राखेसारखी. पहिल्या सकाळी अर्धी बादली सहज उचलायला म्हणून ते वाकले आणि बादली जागची हलली नाही. आपलंच बळ गेलं की काय, असं वाटून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी हसलं नाही, कारण इथे येणारा प्रत्येक जण त्या बादलीपाशी एकदा असाच वाकलेला होता.

त्या पुडीत कोबाल्टची पूड आणि थोडं मेण मिसळायचं, साच्यात दाबायचं, की खडूसारखे तुकडे तयार होत. नख लावलं तरी खरवडतील इतके मऊ. त्यांचं काम होतं हे तुकडे ट्रेवर मांडून भट्टीत ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी काढायचे. त्या दिवशी त्यांनी सहाशे तुकडे मांडले. जमिनीत भोक पाडणाऱ्या बोअरच्या यंत्राला खाली एक पोलादी डोकं असतं, त्या डोक्यात बसवायचे हे गोल माथ्याचे तुकडे. कारखान्यात सगळे त्यांना बटणं म्हणत.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. बटणं सहाशेच होती, पण ती कालची नव्हती. लहान होती, काळसर चकाकत होती, आणि हातात घेतली तर हात खाली जात होता.

ते दोन मिनिटं तिथेच उभे राहिले. मग सरळ फाटकावर गेले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "काल मी गेल्यावर भट्टी कोणी उघडली? माल बदललाय."

पहारेकरी इमानी माणूस. त्याने फाटक लावून घेतलं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडायला सुरुवात केली. वीस-पंचवीस माणसं रांगेत ताटकळली. मेहुणा धावत आला तेव्हा लेथवाल्याच्या डब्यातली भाजी तपासली जात होती.

"भाऊजी! अहो, ती आक्रसतात! भट्टीत आक्रसतात ती!"

"आक्रसतात? भट्टीत?" त्यांचा विश्वासच बसेना. "भट्टीत तर वस्तू फुगते!"

सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून त्यांचं नाव पाववाले पडलं, ते कायमचं.

समजावून सांगितलं ते लॅबमधल्या मॅडमनी. मॅडम पस्तिशीच्या, बारीक, सतत काहीतरी मोजत असणाऱ्या. त्यांनी कच्चं बटण मोजून दाखवलं, अठरा मिलिमीटर. पक्कं मोजून दाखवलं, पंधरा. मग दोन्ही काट्यावर ठेवली. वजन जवळजवळ तेवढंच.

"गेलं ते फक्त मेण, काका. बाकी सगळं आत आहे, फक्त दाटीवाटीने बसलंय."

"पण कडक कशामुळे होतं?"

मॅडमनी कागदावर मोठ्या गोळ्यांची एक रांग काढली, तिच्या खोलगटांत बारीक ठिपके, वर पुन्हा मोठ्या गोळ्या. "मोठे गोळे म्हणजे टंगस्टन. बल्बमध्ये पूर्वी तार असायची ना, तो धातू. बारीक ठिपके म्हणजे कार्बन. एक थर याचा, एक थर त्याचा, मोजून एकास एक. प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या गोळ्यांना असा घट्ट धरून बसतो की थर एकमेकांवरून घसरतच नाहीत. लोखंडाचे थर घसरतात, म्हणून लोखंड वाकतं. हे वाकत नाही."

"कार्बन म्हणजे नेमकं काय?"

"काजळी. तुमच्या बेकरीच्या धुराड्यात साठायची तीच."

पाववाल्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सव्वीस वर्षं दर रविवारी त्यांनी काजळी खरवडून फेकली होती. त्या काजळीमुळे हिऱ्याच्या जवळपास जाणारी कडक वस्तू बनते, हे त्यांच्या डोक्यात जाईना.

"आणि कोबाल्ट?"

"हे दाणे कितीही कडक असले तरी वाळूसारखे सुटे. यांना धरून ठेवायला कोणीतरी हवं. चौदाशे अंशांना दाणे वितळत नाहीत, त्यांना त्याच्या दुप्पट लागतं. कोबाल्ट वितळतो, फटींमध्ये शिरतो आणि दाण्यांना जवळ ओढतो. म्हणून तुकडा लहान होतो. कोबाल्ट जास्त घातला तर तुकडा दणका सोसतो, पण लवकर झिजतो. कमी घातला तर झिजत नाही, पण दणक्याला फुटतो."

"म्हणजे कडक वस्तू फुटते?"

"कडक आहे म्हणूनच फुटते, काका."

हे काही त्यांना पटलं नाही. पण मॅडमनी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि टोक दाखवलं. "या टोकाला जो डोळ्यांना दिसेल न दिसेल असा मणी फिरतो ना, तोही बहुतेक याचाच असतो. तार ओढायचा साचा याचा, लेथवरचं पातं याचं, लाकूड कापणाऱ्या करवतीचे दात याचे."

घरी जाऊन त्यांनी हे सगळं बायकोला सांगायचा प्रयत्न केला. गोळे, ठिपके, कोबाल्ट. ती भांडी पुसत ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला कळलं?" तिने विचारलं.

"ऐकताना कळलं. आता सांगताना नाही कळत."

"मग ऐकतच जा," ती म्हणाली.

दोन वर्षं अशीच गेली. कळो न कळो, पाववाल्यांचा हात बसला. ट्रे ग्राफाइटचे असत, म्हणजे पुन्हा काजळीचीच एक जात. त्यांतला कार्बन बटणांना लागू नये आणि बटणं चिकटू नयेत, म्हणून ट्रेवर ब्रशने एक पांढरा लेप द्यायचा आणि छोट्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवायचा. पाववाल्यांसारखा एकसारखा लेप कोणाचाच बसत नसे. वाळला की नाही हे पाहायला बाकीचे घड्याळ बघत. पाववाले हाताची मागची बाजू ट्रेला लावत. ओल असली की गार लागतं. बेकरीत शिकलेली ही एकच गोष्ट त्यांना इथे उपयोगी पडली होती, आणि तिचा त्यांना मनातून अभिमान होता.

मग ती बुधवारची दुपार आली.

बोअर मारणारा एक माणूस कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक होता. उंच, धिप्पाड, धूळ बसून भुवया कायम पांढऱ्या. सगळे त्याला बोअरवालेच म्हणत. त्याला बटणं तातडीने हवी होती. एका वस्तीतली विहीर आटली होती, चाळीस घरं दोन मैलांवरून पाणी आणत होती, आणि त्याने त्यांना शनिवारचा शब्द दिला होता. नेमका त्याच दुपारी लेप वाळवायचा ओव्हन मधेच बंद पडला. ट्रे चौदा होते. तासभर वाळले होते, तासभर नव्हते.

पाववाल्यांनी पहिल्या ट्रेला हात लावला. गार लागला. दुसऱ्याला लावला. तोही गार लागला, की लागल्यासारखा वाटला.

"ओले आहेत," ते मेहुण्याला म्हणाले.

मेहुणा हातात कागद घेऊन उभा होता. सकाळपासून कारखान्याच्या मालकांचे तीन फोन येऊन गेले होते. "भाऊजी, आत चौदाशे अंश आहेत. तिथे ओल राहील का? आधी हळूहळू तापतंच की. भरा."

"पण गार लागतंय."

"बाहेरच्या पंख्याने गार लागतं. भरा म्हणतो ना."

पाववाल्यांनी भरलं. चौदा ट्रे, एकामागून एक. तिसऱ्या ट्रेनंतर त्यांनी हात लावून पाहणंही सोडून दिलं. हे आपण का सोडलं, याचा विचार पुढे त्यांनी पुष्कळ केला.

गुरुवारी बटणं बाहेर आली ती बघत राहावी अशी. चकाकती, मापात. मॅडम तीन दिवस रजेवर होत्या, त्यांचा मुलगा आजारी होता. लॅबमधल्या मदतनिसाने कडकपणा मोजला. तो ठरलेल्यापेक्षा एक आकडा जास्तच आला. "फर्स्ट क्लास!" म्हणून त्याने शिक्का मारला. पाववाले घरी जाऊन गाढ झोपले.

दहा दिवसांनी बोअरवाले आले. त्यांनी मालकांच्या टेबलावर पोलादाचं ते डोकं आपटलं, तेव्हा आवाज शेवटच्या मशिनपर्यंत गेला. डोक्यावरच्या अकरा बटणांपैकी सात अर्ध्यातून तुटली होती. तुटलेली जागा ताज्या फोडलेल्या दगडासारखी दिसत होती.

"नव्वद फुटांवर काळा दगड लागला," बोअरवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "एक बटण गेलं. त्याचे तुकडे खालीच राहिले, ते दुसऱ्यांना लागले. मग सगळा दांडाच अडकला. भोक सोडून द्यावं लागलं. बायका हंडे घेऊन भोवती उभ्या होत्या हो! तुम्हीच म्हणता ना, हिरा सोडला तर यासारखं कडक काही नाही? अहो, कडक कसलं, काच बरी!"

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. पुडीवाला म्हणाला, पूड नेहमीचीच आहे. प्रेसवाला म्हणाला, दाब नेहमीचाच आहे. मेहुणा म्हणाला, दगड वाईट असेल, किंवा यांनी यंत्राचा हातोडा जास्त मारला असेल. पाववाले मागे भिंतीला टेकून उभे होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्यांच्या उजव्या हाताची मागची बाजू त्यांना उगीचच गार लागत होती.

बाहेर पडल्यावर मेहुण्याने त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"भाऊजी, ट्रेचं काही बोलू नका."

"म्हणजे ट्रेमुळेच झालं?"

"मी असं कुठे म्हणालो?"

"मग बोलू नका का म्हणतोस?"

"कारण ट्रेमुळे झालेलं नाही, आणि तुम्ही बोललात की सगळ्यांना वाटेल ट्रेमुळेच झालं!"

पाववाल्यांनी हे वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते खरं वाटत होतं. घरी जाईपर्यंत त्यांचं डोकं भणभणून गेलं.

बायकोने ताट वाढलं. ते जेवेनात, तेव्हा तिने खोदून खोदून काढून घेतलं. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ.

"एवढंच सांगा," ती म्हणाली, "चूक तुमची होती का?"

"तेच तर मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"ओल होती. म्हणजे मला वाटली. पण ओलीने बटण कसं तुटेल? चौदाशे अंशांत ओल कशी राहील? तोही बरोबरच बोलतोय."

"मग ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा."

"विचारलं तर तुझ्या भावाचं नाव येईल."

ती उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. "माझा भाऊ लहानपणी काच फोडायचा आणि मला म्हणायचा, ताई, वारा आला होता. विचारा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाले लॅबमध्ये गेले. मॅडमना त्यांनी सगळं सांगितलं, ओव्हन बंद पडला इथपासून तिसऱ्या ट्रेपर्यंत. मेहुण्याने भरायला सांगितलं हे सांगताना त्यांनी "वरून सांगितलं" असं म्हटलं. मॅडमना वर कोण आहे ते ठाऊक होतं.

प्रत्येक घाण्यातली दहा बटणं पिशवीत घालून ठेवायची पद्धत होती. मॅडमनी त्या गुरुवारची पिशवी काढली आणि एकेक बटण चुंबकाच्या यंत्रात ठेवलं. काटा दर वेळी खाली राहिला.

"टंगस्टन कार्बाइडला चुंबक ओढत नाही," त्या म्हणाल्या. "ओढतो तो कोबाल्टला. कार्बन मोजून एकास एक असेल तर कोबाल्ट स्वच्छ राहतो आणि ओढ बरोबर येते. कार्बन कमी पडला की टंगस्टन कोबाल्टमध्ये विरघळतो आणि ओढ कमी होते. आणखी कमी पडला की तिघांचं मिळून एक वेगळंच काहीतरी तयार होतं. कडक असतं, खूप कडक, पण काचेसारखं. म्हणून तर कडकपणाचा आकडा जास्त आला."

त्यांनी एक बटण कापून, घासून भिंगाखाली ठेवलं. पाववाल्यांनी डोळा लावला. एकसारख्या दाण्यांच्या गर्दीत मधेमधे ठिगळं दिसत होती. कापडावर पाण्याचे डाग पडावेत तशी.

"काजळी कमी पडली?" पाववाल्यांनी विचारलं.

"हो. कोणीतरी नेली. ओलीतला प्राणवायू कार्बनला धरतो आणि वायू होऊन निघून जातो. चौदाशेच्या खूप आधीच, तुकडे अजून मऊ असतानाच."

"म्हणजे माझ्या ट्रेमुळे."

मॅडमनी भिंगाखालचं बटण काढून ठेवलं. "असेल. पण आजच सकाळी मी भट्टीच्या दाराचं रबर पाहिलं. खालच्या बाजूला चीर आहे. तिथून हवा आत आली असेल तरी हेच होतं. अगदी हेच."

पाववाले खुर्चीवर बसले. मनात पक्का झालेला गुन्हाही हातातून निसटत होता. "मग दोन्हींतलं कोणतं?"

"बघू या."

मॅडमनी मालकांकडून एका घाण्याची परवानगी मिळवली. दाराचं रबर नवीन बसवलं, आणि वीस बटणं मुद्दाम तासभरच वाळवलेल्या ट्रेवर ठेवली. पाववाल्यांनीच लेप दिला, त्यांनीच भरलं. ते दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. सगळीच वाईट निघाली तर चूक आपली, हे तरी नक्की होईल. सगळीच चांगली निघाली तर चूक रबराची. दोन्हींपैकी आपल्याला काय हवंय, तेही त्यांना ठरवता येईना.

वीसपैकी तीन वाईट निघाली.

"तीन?" पाववाले म्हणाले. "तीन म्हणजे काय?"

"तीन म्हणजे तीन," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचाही चेहरा पडला. "त्या दिवशी ट्रे नेमके किती ओले होते, आपल्याला माहीत नाही. चीर त्या दिवशी केवढी होती, तेही माहीत नाही. दोन्ही मिळूनही झालं असेल."

जुनं रबर लावून पुन्हा एक घाणा करून पाहू, असं त्यांनी सुचवलं. मालक नाही म्हणाले. भट्टीला काम होतं, नवं रबर बसलं होतं, ओव्हन दुरुस्त झाला होता. त्यांच्या मते प्रश्न सुटला होता. पाववाल्यांना प्रश्न तेवढाच दिसत होता, फक्त आता तो विचारायला कोणी उरलं नव्हतं.

तरी ते मालकांकडे गेले. मालकांसमोर बोअरवाले बसले होते, नवी बटणं न्यायला आले होते.

"ट्रे ओले होते, मला कळलं होतं, तरी मी भरले," पाववाले एका दमात म्हणाले. "त्यामुळेच झालं असं नाही. पण नाही झालं असंही नाही."

मालकांनी चष्मा काढला. "तुम्हाला भरायला कोणी सांगितलं?"

"हात माझा होता," पाववाले म्हणाले.

मेहुणा दारात येऊन उभा होता, हे त्यांना दिसलं नव्हतं. तो पुढे आला आणि म्हणाला, "मी सांगितलं, साहेब." आणि लगेच निघून गेला. त्यानंतर पाच महिने तो बहिणीच्या घरी आला नाही. कारखान्यात पाववाल्यांशी बोलायचा, पण कामापुरतं, आणि "भाऊजी" म्हणायचं टाळून.

मालकांनी रागावून काय म्हणावं हे ठरायच्या आत बोअरवालेच उठले. "चला माझ्याबरोबर," ते पाववाल्यांना म्हणाले. "बटणं केलीत, बटणांचं काम कधी पाहिलंय का?"

नव्हतं पाहिलं. रविवारी ते ट्रकमध्ये बसून गेले. वस्तीच्या मधोमध ते सोडलेलं भोक होतं, वर पत्र्याचा तुकडा आणि त्यावर दगड. तिथून पंधरा पावलांवर यंत्र लागलं. नवं डोकं खाली गेलं. हातोडा सुरू झाला तेव्हा पायाखालची माती थरथरायला लागली आणि भोकातून राखाडी धुरळा उसळला. साठ फूट, सत्तर, ऐंशी. नव्वदला आवाज बदलला. काळा दगड आला होता. बायका, म्हातारी माणसं, सगळी घरांच्या सावलीत उभी राहून ऐकत होती. प्रत्येक दणक्याला पाववाल्यांना वाटे, आता गेलं.

ते गेलं नाही. दुपार कलता कलता एकशे चाळीस फुटांवर धुरळ्याचा चिखल झाला, आणि चिखलाचं गढूळ पाणी. लोक ओरडले. बोअरवाल्यांनी डोकं वर काढून त्यांच्यासमोर धरलं. अकराची अकरा बटणं जागेवर. माथे थोडे झिजलेले, बाकी शाबूत. पाववाल्यांनी बोट फिरवून पाहिलं. गरम लागलं.

एका म्हातारीने त्यांना विचारलं, "तुम्ही यंत्राचे का?"

"नाही," पाववाले म्हणाले, "मी... भट्टीचा."

तिला काही कळलं नाही. तिने मान डोलावली आणि हंडा आणायला गेली.

परतताना ट्रकमध्ये बोअरवाल्यांनी विचारलं, "मग आधीची का तुटली, शेवटी कळलं का?"

"नाही कळलं."

"मलाही दगडाचं कधी पुरतं कळलेलं नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं झाली." आणि पुढे सगळा वेळ ते दोघे रस्त्याबद्दल, टायरबद्दल बोलत राहिले.

पाच महिन्यांनी एका रविवारी मेहुणा घरी आला. बहिणीसाठी संत्री घेऊन आला होता. तिने संत्री घेतली आणि दोघांना बाहेरच्या खोलीत बसवून ती आत गेली, पण भांड्यांचा आवाज काही आला नाही.

"भाऊजी," तो म्हणाला. त्या शब्दावर दोघेही जरा थबकले. "एक सांगायचंय. त्या बुधवारी तुम्ही भरत होतात ना, तेव्हा मीही एका ट्रेला हात लावून पाहिला होता. तुमच्या मागून. कोरडा होता तो. शपथेवर सांगतो. नाहीतर मी भरा म्हणालो नसतो."

पाववाले त्याच्याकडे बघत राहिले. हा खरं बोलतोय, हे त्यांना दिसत होतं. आपल्याला गार लागलं होतं, हेही तितकंच खरं होतं.

"कुठला ट्रे?" त्यांनी विचारलं. "कितवा?"

मेहुण्याने आठवायचा खूप प्रयत्न केला. "मधला कुठलातरी. सातवा... आठवा असेल."

"मी तिसऱ्यानंतर पाहिलंच नाही."

"मग कदाचित पहिले तीन ओले, बाकीचे कोरडे?"

"पण पिशवीतली तर दहाच्या दहा वाईट निघाली."

"ती दहा कुठल्या ट्रेतली होती?"

"कोण जाणे. पिशवीवर ट्रेचा नंबर नसतो."

मग पाववाले उठले, आतून कागद आणि पेन घेऊन आले आणि चौदा चौकोन काढले. कोणता ट्रे खाली होता, कोणता दाराजवळ, चीर कुठल्या बाजूला होती, हे मेहुणा बोटाने दाखवू लागला. दोघांचं दोन-तीनदा भांडण झालं. तिसरा ट्रे डावीकडे होता की उजवीकडे, यावर तर आवाज इतके चढले की बायको बाहेर येऊन बघून गेली. तासाभराने कागद खाडाखोडीने काळा झाला आणि काहीच ठरलं नाही.

"जेवून जा," पाववाले म्हणाले.

"जेवूनच जाणार आहे," मेहुणा म्हणाला आणि एक संत्रं सोलायला घेतलं.

त्यानंतर पाववाले अकरा वर्षं त्या भट्टीवर होते. त्यांच्या हातून एकही घाणा वाईट गेला नाही असं लोक सांगतात. ते स्वतः मात्र असं कधीच म्हणाले नाहीत. नव्याने येणाऱ्यांना ते लेप द्यायला शिकवत, बादलीपाशी जपून वाकायला सांगत, आणि ट्रेला हाताची मागची बाजू लावायला लावत. "गार लागलं तर भरू नका," ते म्हणत. कोणी विचारलं, "आणि गार लागतंय की नाही तेच कळलं नाही तर?" की ते थोडा वेळ विचार करत आणि सांगत, "तर अजून तासभर थांबा. आणि मग मला हाक मारा. मलाही नाही कळणार, पण दोघे असू."